तेहतिसावं कलम

कुसुम,

तुझ्या भाच्याचं कार्ड गेल्या पंधरवड्यात मंगळवारी दुपारच्या टपालात आलं. मी ओसरीवर वसतिगृहाच्या मुलींच्या धुऊन आलेल्या चादरी मोजत होते. चौतीस चादरी, त्यातल्या तीन विरलेल्या. पोस्टमननं कार्ड हातात दिलं नाही, जोत्यावर ठेवलं आणि सायकलवर बसला. तेव्हा पाहिलं, कार्डाचा कोपरा फाडलेला होता. तरी मी आधी चादरींचा आकडा वहीत लिहिला आणि मगच कार्ड उचललं. हे तुला मुद्दाम सांगते. तूच म्हणायचीस, "पमे, तुह्या दारात यम आला तरी तू आधी त्याची रजिस्टरात सही घेशील."

पाच ओळींचं कार्ड. आत्या रविवारी पहाटे गेल्या. त्याच दिवशी सगळं आटोपलं. "आजार दिवाळीपासून माहीत होता, पण कोणालाही कळवू नये अशी त्यांची इच्छा होती."

दिवाळीपासून. आता भाद्रपद सुरू आहे. या दहा महिन्यांत तुझी सात पत्रं आली. सगळी तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत. मंगळवारी ती सातही पुन्हा वाचली. कॉलेजातलं राजकारण आहे, नवीन प्राचार्य कसे शिंकतात ते आहे, बाईसाठी लाल काठाचं लुगडं पाहून ठेवलंय ते आहे. पोटातली गाठ एकाही पत्रात नाही.

गेलेल्या माणसाला लिहायचं तर लोक आधी चांगलं लिहितात. मी आधी तक्रार लिहिणार आहे. चांगलं नंतर, जागा उरली तर.

तू पहिल्यांदा धानोऱ्याला आलीस तो दिवस मला नीट आठवतो. नागपूरच्या मुलींच्या वसतिगृहात आपण चार वर्षं एका खोलीत काढली होती. दोघींच्याही घरात कॉलेजचं तोंड पाहणारी पहिलीच मुलगी. नंतर तू चंद्रपूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागलीस आणि मी इथं जंगलात, मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका झाले. तू म्हणालीस, "मी विचार करते अन् तू सामान मोजते. दोघीही बिनकामाच्या." आई गेल्यावर मी माझ्या मोठ्या बहिणीला, बाईला, इथं घेऊन आले होते आणि तेव्हाच तुला पत्रात तिच्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं होतं. नागपुरात चार वर्षं तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपूनही मी तुला बाईबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. म्हणजे लपवण्याची सुरुवात माझीच, हे कबूल. पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तू गेल्या दिवाळीत पन्नाशीला आली होतीस.

तू गडचिरोलीला एसटी बदलून, धुळीनं माखून दारात आलीस आणि पिशवी ठेवायच्या आधी म्हणालीस, "बाईले भेटव." मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. जन्मापासून बुद्धी नाही, अकरा शब्द बोलते, जास्त काही कळत नाही. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. बाईसमोर जमिनीवर मांडी घालून बसलीस आणि हात जोडून म्हणालीस, "बाई, मी कुसुम. चार दिवस तुमच्याकडे राहाले आली. चालते ना तुमाले?"

तुमच्याकडे. तुमाले. बेचाळीस वर्षांच्या माझ्या बहिणीला त्या दिवसापर्यंत कोणी अहो-जाहो केलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही. बाईनं तुझा चष्मा ओढला, उलटा करून स्वतःच्या डोळ्यांना लावला, आणि तुम्ही दोघी हसलात. तिसऱ्या दिवशी बाई तुला "कुसू" म्हणायला लागली. बारावा शब्द. मी वहीत लिहून ठेवला आहे, तारखेसह.

त्या वहीवरूनच आपलं पहिलं भांडण झालं. बाईच्या वहीला सहा रकाने आहेत : तारीख, झोप, जेवण, शौच, औषध, शेरा. तू ती मांडीवर घेऊन अर्धा तास वाचलीस. मला वाटलं, तारीफ करशील. तू म्हणालीस,

"सगळं आहे. तिचं काही नाई."

"म्हंजे?"

"झोप तू मोजली, जेवण तू मोजलं, औषध तू देल्लं. शेरा कोणाचा?"

"माहाच. आणखी कोणाचा राहीन?"

"तेच म्हनतो. तिचा शेरा कुठी आहे?"

"तिचे बारा शब्द, कुसुम. त्यातले तीन खाण्याचे. शेरा लिहाले तिले काय कलेक्टर ऑफिसात पाठवू?"

तू हसलीस, पण वही परत देताना बोटानं त्या शेवटच्या रकान्यावर टकटक केलंस. मला राग आला. तुझं बरं होतं. तू उन्हाळ्यात महिनाभर यायचीस, दिवाळीत आठ दिवस, आणि आंघोळीच्या वेळी बाईला धरायला मी असायचे.

तरी तू यायचीस हे खरं. इतकी वर्षं, चुकवल्याशिवाय. तुझ्या सोबतच्या बायका माथेरान-महाबळेश्वर करत होत्या आणि तू धानोऱ्याच्या उन्हात, माठाला टेकून, बाईसोबत चिंचा सोलत बसायचीस. हे चांगल्यात धर.

संध्याकाळी ओसरीवर तू बोलायला लागलीस की आमची स्वयंपाकीण मंगलीबाई हातातली भाजी घेऊन ऐकायला बसायची. तिला गोंडी येते, मराठी येते आणि तुझं तत्त्वज्ञान माझ्यापेक्षा जास्त कळायचं. तू सांगायचीस, कॉलेजात पहिल्या तासाला मुलांना शिकवावं लागते की माणूस म्हणजे विचार करणारा प्राणी. फळ्यावर लिहायचं, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत तेच लिहितात. "अन् मग मी इथी येतो, बाई समोर बसते, अन् मले वाटते, फळ्यावरचं पुसावं तर परीक्षेत काय विचारू?"

मंगलीबाई म्हणाली, "विचार करते तो माणूस, तं मंग आमचा नवरा कोन?"

तू इतकी हसलीस की ठसका लागला. बाईनं उठून तुझ्या पाठीवर थापट्या मारल्या. खूप जोरात मारते ती, अंदाज नाही तिला. मी धावले हात धरायला. तू म्हणालीस, "राहू दे. बरोबर मारून राह्यली."

आणखी एक उन्हाळा आठवतो. तेंदूपत्त्याचे दिवस. मंगलीबाई पहाटे जंगलात जाऊन पानं तोडून आणायची आणि दुपारी आपल्या अंगणात पुडे बांधत बसायची. एका पुड्यात सत्तर पानं, वरून सालीचा दोर. बाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि बांधायला लागली. तिला एकाच्या पुढे मोजता येत नाही. पण ती पानं मुठीत धरायची, दाबून पाहायची, एखादं काढायची, एखादं घालायची, मग दोर घ्यायची. तू तिचे पंधरा पुडे सोडून मोजलेस. अडुसष्ट, सत्तर, एकाहत्तर, सत्तर. तू तर नाचायचीच राहिली होतीस. "पमे, तिची मूठ मोजते! विचार डोक्यातच असला पाहिजे असं कोण म्हनते?"

मी म्हटलं, "फडावरचा मुन्शी म्हनते. तो मूठ मोजून नाई घेत, पानं मोजून घेते." आणि सगळे पंधरा पुडे मला पुन्हा बांधावे लागले, कारण तू सोडून ठेवले होतेस. मी ते जास्त नीट बांधले. बाईनं एकेक उचलून मुठीत दाबून पाहिला आणि त्यातले दोन वेगळे काढून ठेवले. तू फक्त भुवया वर केल्यास. मी नंतर एकटीनं ते दोन मोजले. एकात सहासष्ट पानं होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून टाकते.

तुझं एक बोलणं मला पाठ आहे, कारण ते तू दर खेपेला ऐकवायचीस. "दुसऱ्याच्या हातानं जेवणं ही खालची पायरी नाई, पमे. सगळे तिथूनच आलो, सगळे तिथीच जाणार. मधली चार वर्षं आपल्या हातानं खातो तर केवढा तोरा!" करुणा हा शब्द तुला आवडायचा नाही. आपण दोघी बुद्धविहारात वाढलो, करुणा ऐकत वाढलो, म्हणून मी चिडायचे. तू म्हणायचीस, लोक करुणा करतात ती उभं राहून करतात. निगा करायला खाली बसावं लागते, आणि खाली बसलं की आज मी तुझी करतो, उद्या तू माझी करशील, हे आपोआप कळते. ज्याला निगेची गरज पडते तो कमी माणूस, असं मानलं तर आपण सगळे आयुष्याच्या दोन्ही टोकांना कमी माणसं आहोत.

मी वर-वर म्हणायचे, "तोरा ठेव बाजूले, तिची आंघोळ राह्यली आहे." पण आतून मी ते शब्द धरून ठेवायचे. तुला हे माहीत नसेल. बाजारात कोणी बाईकडे पाहून मान वळवायचं, शाळातपासनीस तिला आत ठेवायला सांगायचे, नातेवाईक म्हणायचे, "किती दिवस करशील, एखाद्या आश्रमात टाक." तेव्हा मी मनात तुझं ते बोलणं म्हणायचे. मी तत्त्वज्ञान शिकले नाही. माझ्याजवळ तेवढं एकच होतं, आणि ते तुझं होतं.

म्हणून तुझ्यावर एवढी चिडले आहे.

आता मार्चची गोष्ट. मोहाची फुलं पडत होती, अंगणभर वास होता, आणि तू न कळवता आलीस. वाळली होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "उपास करतो. पन्नाशीले पातळ दिसलं पाहिजे." मी त्या महिन्यात सत्तेचाळीस पूर्ण केली होती आणि दवाखान्यात रक्तदाब निघाला होता. म्हणून मी एक कागद तयार केला होता. वर लिहिलं होतं : माझ्यानंतर. खाली बाईची बत्तीस कलमं.

तुला ती सगळी माहीत आहेत, तरी लिहिते. तीन : आंघोळीचं पाणी आधी पायावर, मग अंगावर, डोक्यावर शेवटी. नऊ : नको असलं की ताटावर तळवा ठेवते, पुढे आग्रह करू नये. चौदा : तेलाची बाटली हातात देऊ नये, सांडते. एकवीस : ढग गडगडले तर खाटेखाली जाते, ओढून काढू नये, आपण खाली जाऊन बसावं. बत्तिसाव्या कलमाखाली एक ओळ होती : वरील सर्व पाहणारी व्यक्ती. आणि त्यापुढे तुझं नाव. दुसरं नाव माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

माझ्या मागं बाईचं कोण, एवढा एकच प्रश्न मला आहे, कुसुम. बाकी सगळ्याची मी व्यवस्था लावू शकते.

तू कागद दोनदा वाचलास. मग माझ्या हातून पेन घेऊन बत्तिसाच्या खाली तुझ्या तिरक्या अक्षरात लिहिलंस : "३३. बाईला विचारावे."

"काय विचारावे?" मी म्हटलं.

"जे काही करशील ते. आधी विचारावे."

"अन् ती काय सांगन?"

"ते तिले माहीत. तू विचारून तं पाय."

"बत्तीस कलमं मी वीस वर्षांत बसवली, अन् तू दोन मिनिटांत एक ठोकून देल्लं."

"तुह्या बत्तिसात मीही राह्यली असती तर कुढून मेली असती," तू म्हणालीस. मग खाली सही केलीस. पूर्ण नाव, तारीख, सगळं. सही करताना तुझा हात थांबला नाही. दिवाळीपासून तुला माहीत होतं की तू पावसाळा काढशील की नाही याचीच शाश्वती नाही. आणि तू माझ्या बहिणीच्या उरलेल्या आयुष्याखाली सही केलीस. मी तो कागद घडी करून कपाटात ठेवला आणि त्या दिवशी कित्येक महिन्यांनी निवांत जेवले. तू समोर बसून मला जेवताना पाहत होतीस. तुझं ताट अर्धं तसंच होतं. मी आग्रहसुद्धा केला तुला.

तू गेल्यावर आठवड्याभरात बाईचं सुरू झालं. सकाळी उठली की हात पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "कुसू." दुपारी जेवताना हात पोटावर, "कुसू." मी वहीत पाहिलं, शौच नियमित. शेऱ्यात लिहिलं : पोट दुखत असावं, कुसुमची आठवण काढते. जंताचं औषध दिलं. पंधरा दिवसांनी परत दिलं. सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले वायू आहे. हिंग पोटाला लावला, ओवा दिला, हरभऱ्याची डाळ बंद केली. जूनमध्ये जंताचं औषध तिसऱ्यांदा. बाई औषध मुकाट घ्यायची आणि परत माझ्याकडे पाहून हात पोटावर ठेवायची. मी तुला पत्रात लिहिलं की बाईचं पोट बिघडलं आहे, तुझं नाव घेते, उन्हाळ्यात आली नाहीस म्हणून असेल, आता आम्हीच चंद्रपूरला येतो. तुझं उत्तर आलं, "येऊ नको, पेपर तपासायला बाहेरगावी आहे." तेव्हा तू नागपूरला भाच्याच्या घरी अंथरुणावर होतीस.

कार्ड आल्यावर मी मंगलीबाईला सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही. बराच वेळ लाकडं मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली,

"म्हंजे बाई खरंच सांगत होती."

"काय सांगत होती?"

"मोहाच्या दिवसांत, तुमी पंचायत समितीत गेल्ता. कुसुमबाई अंगनात बसल्या होत्या, बाई त्यायच्या डोक्याले तेल लावत होती. कुसुमबाईनं बाईचा हात धरला, आपल्या पोटावर ठेवला. लय वेळ. काहीतरी बोलत होत्या हळूहळू. बाई आयकत होती. मले वाटलं, दोघीयचं काही खेळणं चाललं."

"अन् तू मले सांगितलं काऊन नाई?"

मंगलीबाईनं माझ्याकडे पाहिलं. "मी काऊन सांगू? बाई रोज सांगत राह्यली तुमाले. तुमी दवाई देत राह्यल्या."

कुसुम, मी चाळीस मुलींचं वसतिगृह चालवते. कोणाला ताप आहे आणि कोण तापाचं सोंग करते, ते मला दारातून कळते. पाच महिने माझी बहीण मला रोज दोनदा, तीनदा सांगत होती आणि मी तिला जंताचं औषध पाजत होते. सगळं वहीत आहे, शेऱ्याच्या रकान्यात, माझ्या अक्षरात. तू बोटानं टकटक केली होतीस तोच रकाना.

तुझा भाचा अशोक परवा येऊन गेला. चांगला मुलगा आहे, थकला आहे. तुझा चष्मा आणि बाईचं लाल काठाचं लुगडं घेऊन आला होता. मी त्याला सरळ विचारलं, मला का बोलावलं नाही. तो म्हणाला, "आत्यानं शपथ घातली होती. म्हणे, मले कोणी पुसते, भरवते, असं पमीनं पाहू नये. अन् म्हणे, ती आली तर माही यादी करन."

मला हसू आलं, आणि लगेच तोंडात कडू झालं.

हो, केली असती. का करू नये? एक : चष्मा डावीकडे ठेवावा, उजवीकडे सापडला तर रात्रभर वाचते. दोन : चहात साखर कमी सांगते, कमी घातली तर अर्धा कप टाकते. तीन : भरवताना बोलत राहावं, गप्प राहिलं तर तिला संकोच वाटतो. चार : दुखलं तरी दुखते असं म्हणत नाही, वाद घालते. चौथं कलम मला आत्ता, लिहिता लिहिता सुचलं. मार्चमध्ये तू चारही दिवस भांडत होतीस. मी वहीत लिहिलं होतं : कुसुमची तब्येत छान दिसते.

ही यादी करायचा मला हक्क होता. तो तू घेऊ दिला नाहीस. आणि तू कोण? खालची पायरी नाही म्हणणारी. सगळे तिथेच जाणार म्हणणारी. तुझी पाळी आली तेव्हा तू दार लावून घेतलंस आणि भाच्याला शपथ घातलीस. म्हणजे भरवून घेण्यात शरम होती तर. मग बाईला मी रोज दोन वेळा भरवते, ओसरीवर, सगळ्यांच्या देखत, तेव्हा समोर बसून तू नेमकं काय पाहत होतीस? तिला लागू आणि तुला नाही, असं कोणतं तत्त्वज्ञान आहे? तुझी पुस्तकं अशोक कॉलेजला देणार आहे. मी त्याला सांगितलं, त्यातलं एकही मला नको.

हे मी त्याच्यासमोर मोठ्यानं बोलले. बरं वाटलं नाही.

कारण पुढचा प्रश्न आहेच. तू कोणाला सांगितलं नाहीस, हे खरं नाही. बाईला सांगितलंस. तिचा हात घेऊन, जिथं दुखते तिथं ठेवून सांगितलंस. का? ती कोणाला सांगू शकणार नाही म्हणून? भिंतीला सांगावं तसं? तसं असेल तर तू तिला तुमाले म्हणालीस तेही खोटं, आणि तुझ्या जिभेवर माझा कधीच विश्वास बसणार नाही. की तिला सांगण्यासारखं आहे, ती ऐकून घेईल आणि यादी करणार नाही, म्हणून? तसं असेल तर माझ्याच घरात तुम्ही दोघी होतात आणि मी तिसरी. दोन्हीपैकी कोणतंही घेतलं तरी मला लागतं. तुझ्याशी भांडून हे ठरवता आलं असतं. ते भांडण अर्धं टाकून तू गेलीस, आणि हे तू आयुष्यात पहिल्यांदाच केलंस.

एक गोष्ट मात्र माझ्या नावावर आहे. कार्ड मंगळवारी आलं. अशोक येऊन जाईपर्यंत बारा दिवस झाले होते आणि मी बाईला काहीच सांगितलं नव्हतं. तिला काय कळणार, असं मी मनात म्हटलंसुद्धा. मला कोणी सांगितलं नाही म्हणून मी जगावर चिडले होते, आणि मीही तेच केलं.

काल दुपारी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तू बसायचीस तशी. गुडघे दुखतात माझे, पण बसले. म्हटलं, "बाई, कुसू गेली. दुखत होतं ना पोटात? त्यानं गेली. तुले माहीत होतं. तू मले सांगितलं होतं. मीच आयकलं नाई."

बाईनं हात पोटावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग उठून आत गेली. कपाटाजवळ खुडबूड झाली. परत आली तेव्हा एका हातात फणी होती आणि दुसऱ्या हातात खोबरेल तेलाची बाटली. उंबऱ्याशी पाय पसरून बसली आणि समोरची जमीन हातानं थोपटली. तू मार्चमध्ये बसली होतीस तीच जागा असणार.

वीस वर्षांत बाईनं माझं काही केलेलं नाही. मी करू दिलेलं नाही. मी तिला न्हाऊ घालते, भरवते, तिच्या खाटेखाली जाऊन बसते. माझ्या अंगाला तिचा हात लागतो तो फक्त मी तिला उठवते तेव्हा. मी म्हणणार होते, चौदावं कलम. म्हटलं नाही. तिच्याकडे पाठ करून बसले आणि अंबाडा सोडला.

तिनं अर्धी बाटली ओतली. तेल कानात गेलं, मानेवरून पोलक्यात गेलं. तळव्यानं ती जोरात थापटत होती, तुझ्या पाठीवर थापटायची तसं. अंदाज नाहीच तिला. मंगलीबाई दारातून पाहून परत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तेलाचं होतं असं मी तिला नंतर सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

मग मी कपाटातला कागद काढला. काम राहिलं होतं ते करायला हवं होतं. "वरील सर्व पाहणारी व्यक्ती" याच्यापुढे मेलेल्या माणसाचं नाव ठेवून चालत नाही. पेन उघडलं. मग तुझं तिरकं अक्षर दिसलं, आणि तुझ्यावर रागावूनच मी कागद बाईसमोर धरला. विचारायचं ना? हे घे, विचारते. "बाई, हे कुसूचं नाव आहे. खोडू?"

बाईनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तेलानं माखलेला तळवा, ताटावर ठेवते तसा, सरळ तुझ्या नावावर आणि सहीवर ठेवला. उचलला नाही. मी हात सोडवायला गेले, तर तिनं दुसराही हात वर ठेवला.

कागद पारदर्शक झाला आहे. तिथं आता शाई धरत नाही. खोडताही येत नाही आणि दुसरं नावही लिहिता येत नाही. माझ्या मागं बाईचं कोण, हा प्रश्न होता तिथंच आहे. उद्यापासून मला त्याचं उत्तर शोधायचं आहे, तुझ्याशिवाय, आणि ते जो कोणी असेल त्याला आधी बाईसमोर आणून बसवायचं आहे. तुला मी माफ केलेलं नाही. तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

संध्याकाळी बाईची वही घेतली. पट्टी लावून शेऱ्याच्या पुढे एक रेघ मारली, सातवा रकाना झाला. जागा कमी आहे, अक्षर बारीक काढावं लागलं. कालच्या तारखेपुढे लिहिलं :

बाईला विचारलं. बाई नको म्हणाली.